कापड आधी, निकाल मागाहून

डोटुन अलाबीच्या एम.बी.ए.ची गोष्ट इबादान शहरात कोणालाही विचारा, तो कापडापासून सुरुवात करील. पुस्तकं, तास, परीक्षा वगैरे नंतर येतात, आणि तेही ऐकणाऱ्याला सवड असेल तर. डोटुनला याचं फार वाईट वाटतं. त्याच्या मते ही गोष्ट त्याच्या जिद्दीची आहे. पण गोष्ट कशाची, हे ज्याच्यावर बेतते त्याला कोणी विचारत नाही.

डोटुन रंगाच्या कारखान्यात गोदामप्रमुख. चाळिशी उलटलेली, पोट जरा पुढे आलेलं. वरची जागा रिकामी झाली की दरवेळी कोणीतरी एम.बी.ए. झालेलं कोवळं पोर तिथे येऊन बसायचं आणि त्याला विचारायचं, "अंकल, तुमचं गोदाम कुठे आहे?" एक दिवस चिडून त्याने विद्यापीठातल्या शनिवारच्या वर्गात नाव घातलं. रागाच्या भरात केलेल्या कामाला इतकं गोड फळ क्वचितच येत असेल. आपण इतकी वर्षं जे करतो त्या प्रत्येक गोष्टीला शास्त्रात नाव आहे, हे कळल्यावर त्याला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. माल पडून राहतो याला नाव होतं, माल येत नाही यालाही नाव होतं, आणि दोन्ही एकदम होतं यावर तर एक अख्खा धडा होता.

शिकलेलं सगळं त्याने घरच्यांवर लावून पाहिलं. साठा म्हणजे अडकलेलं भांडवल, लागेल तेव्हा लागेल तेवढंच आणावं, असं वर्गात सांगितलं, म्हणून त्याने जनरेटरसाठी पेट्रोल भरून ठेवणं बंद केलं. पुढे फुटबॉलचा मोठा सामना चालू असताना, त्याच्या दिवाणखान्यात आळीतली निम्मी मंडळी बसलेली असताना, आपल्या संघाला पेनल्टी मिळाली आणि त्याच क्षणी वीज गेली. जनरेटरही एकदा खोकून गप्प झाला. शेजारचे अल्हाजी राइमी अंधारात उठले, चपला चाचपडत घरी गेले आणि कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. डोटुनने मात्र वहीत लिहून ठेवलं की सिद्धान्त बरोबर होता, अंमलबजावणीत थोडी कसर राहिली.

असं सगळं उत्तम चाललं होतं. मग एका रविवारी चर्चहून आल्यावर, अमाल्याचा, म्हणजे कंदाच्या पिठाच्या उकडीचा, घास रश्श्यात बुडवता बुडवता, डोटुन आनंदाच्या भरात आईला म्हणाला की शेवटचा पेपर सुटला, आता प्रबंध बांधून द्यायचा आणि एक तोंडी परीक्षा, एवढंच राहिलं. बायकोने, म्हणजे मोरेनिकेने, ताटावरून मान वर केली. तिला सासूचा चेहरा दिसत होता.

"मग समारंभाला शनिवार कुठला धरायचा?" आई म्हणाली.

आईला अख्खा बाजार इया डोटुन म्हणतो, म्हणजे डोटुनची आई. तिचं स्वतःचं नाव बहुधा तिलाही आठवून सांगावं लागत असेल. बाजारात तिचं कापडाचं दुकान. कोणाच्याही घरचं कार्य असो, ज्याचं कार्य त्याने कापड निवडायचं आणि सगळ्या गणगोताने, मित्रमंडळींनी तेच शिवून घालून यायचं, ही तिकडची रीत. ते कापड ज्याच्या अंगावर तो त्या घरचा, बाकीचे आपले जेवायला आलेले. इया डोटुनने आयुष्यभर लोकांच्या कार्याची कापडं विकली आणि लोकांच्याच निवडीची अंगावर घातली. तिच्या खोलीत अशा कापडांनी भरलेल्या पेट्या होत्या. बायकांच्या घरची बारशी, साठ्या, घरभरण्या, सगळ्यांत ती नाचून आली होती. तिच्या स्वतःच्या निवडीचं कापड मात्र कोणी कधी घातलं नव्हतं. डोटुनचं लग्न मोरेनिकेच्या माहेरी झालं, तेव्हा कापड व्याह्यांनी ठरवलं. नवरा गेला तेव्हा दिरांनी ठरवलं. आणि डोटुन तिचा एकुलता एक.

"आई, निकाल तर लागू दे," डोटुन म्हणाला.

"निकालाची वाट बघत बसलं तर निकाल आपल्या हातात येईल आणि हॉल दुसऱ्याच्या. डिसेंबरचे शनिवार आत्ताच संपत आलेत. आणि शिंप्याला तीन महिने सांगितले तर तो सहा लावतो. तुझ्या बापाच्या घराण्यात परीक्षेत नापास कोण झालंय सांग?"

कोणीच झालं नव्हतं, कारण कोणी बसलंच नव्हतं. डोटुनच्या ते ओठांवर आलं होतं. पण आईच्या डोळ्यांत जे काही चमकत होतं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "एकदाच रे. मी निवडलेलं घालून बाया माझ्या कार्यात नाचल्या की मी मोकळी."  डोटुनने अमाल्याचा आणखी एक घास घेतला, आणि इबादानच्या पद्धतीने त्याचा अर्थ होकार असा झाला.

त्या दिवसापासून घरात उत्साहाला ऊत आला. कापड निवडायला आईला एक दिवसही लागला नाही. तिच्या मनात ते बहुधा डोटुनच्या जन्मापासून ठरलेलं होतं. पिकल्या पपईच्या रंगाची लेस, बायकांना वांगी रंगाचा फेटा, पुरुषांना वांगी रंगाची हातमागाची टोपी. मोरेनिकेच्या बहिणींनी तोंडं वाकडी केली आणि या रंगात आम्ही शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या दिसू, असं कळवलं. त्यावर आईने कळवलं की ज्यांना सहलीला यायचं नसेल त्यांनी घरी बसावं. बहिणींनी निमूटपणे कापड नेलं. मग लेगॉसच्या मावशीने मागवलं, लंडनच्या चुलत भावाने मागवलं, कारखान्यातल्या पहारेकऱ्यानेही मागवलं. "अंकल, तुमचं गोदाम कुठे आहे" विचारणाऱ्या पोराने तर दोन टोप्या नेल्या. डोटुनला दिवसभर अभिनंदनाचे निरोप येत होते. सुरुवातीला तो प्रामाणिकपणे लिहायचा, अजून झालो नाही, होणार आहे. पुढेपुढे नुसतं "आभारी आहे" लिहू लागला, कारण ते लवकर लिहून होतं.

अल्हाजी राइमीही कुंपणापाशी येऊन पुन्हा बोलू लागले. ते वीजखात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे दिवे गेले की लोक अजून त्यांच्याकडेच बघायचे. त्यांनी विचारलं, गाय की बोकड? डोटुन म्हणाला, आधी प्रबंध. अल्हाजींनी मान हलवली. प्रबंध कोणी खात नाही, गाय सांगून टाक, आणि विद्यापीठाचं म्हणशील तर तिथे कोणीतरी आपला माणूस लागतो.

विद्यापीठात डोटुनला आपला माणूस होता, फक्त तो हलत नव्हता. विभागाच्या कचेरीत मिसेस ओकोन नावाच्या बाई बसायच्या. त्यांच्या टेबलावरून फाईल पुढे गेली की बाहेरचे परीक्षक नेमले जाणार आणि मग तोंडी परीक्षेची तारीख लागणार. फाईल होती, पण ती कपाटात होती. कपाट उघडायचं तर किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. तो परत आला तेव्हा पत्रावर सही करणारे डीन अबुजाला सभेला गेले. डीन परत आले त्याच आठवड्यात प्राध्यापकांनी संप पुकारला. डोटुन दर सोमवारी जाऊन उभा राहायचा, आणि मिसेस ओकोन दर सोमवारी त्याला तितक्याच आपुलकीने परत पाठवायच्या. एका सोमवारी त्यांनी पिशवीतून पपईच्या रंगाची लेस काढून त्याला दाखवली. त्यांची बहीण बाजारात आईच्या शेजारच्या दुकानात होती. फाईल कपाटातच होती, पण बाईंचा झगा शिवून तयार होता.

"बाहीला जरा फुगा ठेवलाय," त्या म्हणाल्या. "समारंभ चुकवणार नाही मी तुमचा."

"मॅडम, परीक्षाच झाली नाही तर समारंभ कसला?"

"असं अभद्र बोलू नये," मिसेस ओकोन म्हणाल्या, आणि खरंच दुखावल्या.

संप मिटला तेव्हा डिसेंबर उजाडला होता. बाहेरचे परीक्षक म्हणून इलोरिनचे प्रोफेसर अदेगोके नेमले गेले. त्यांना एकच दिवस मोकळा होता. तो शनिवार होता, आणि शनिवार तोच होता. सकाळी विद्यापीठात तोंडी परीक्षा आणि दुपारी हॉलमध्ये समारंभ. डोटुनने ऐकलं आणि कचेरीतल्या बाकड्यावर बसकण मारली. मिसेस ओकोन म्हणाल्या, त्यात काय बिघडलं, लग्नातसुद्धा सकाळी चर्च आणि दुपारी जेवणंच असतात की.

प्रोफेसर अदेगोकेंची कीर्ती त्यांच्या आधी येऊन पोचली. बुटके, कोरडे, जवळ लाल पेन, आणि लोकांच्या लग्नपत्रिकासुद्धा तपासून परत देतात असं सगळे म्हणायचे. डोटुनने झपाटून अभ्यासाला घेतलं. दाढी करताना, गाडी चालवताना, शिंप्याकडे माप देताना तो मालाच्या साठवणुकीबद्दल बडबडत असायचा. शिंप्याला सगळं पाठ झालं. मोरेनिके म्हणाली की परीक्षेला शिंप्यालाच पाठव आणि कपडे तू शिव, निदान ते तरी वेळेवर मिळतील.

या सगळ्या धांदलीत प्रबंध बांधायचा राहिलाच होता. विद्यापीठाच्या दाराशी सॉलोमन छपाईवाल्याचं दुकान आहे. तो प्रबंध बांधतो, मयताच्या पत्रिका छापतो, आणि समारंभात पाहुण्यांना वाटायच्या वस्तूंवर मजकूरही छापून देतो. डोटुनने तिथे दोन्ही कामं एकदम दिली. गडद तांबड्या पुठ्ठ्यात बांधलेल्या प्रबंधावर सोनेरी अक्षरांत नाव, आणि झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांवर आईने सांगितलेला मजकूर. एकाच फेरीत दोन कामं याला शास्त्रात फार चांगलं नाव आहे. सॉलोमन भला माणूस. त्याने तुमचे हेलपाटे नकोत म्हणून बांधलेल्या प्रती परस्पर कचेरीत पोचवल्या आणि डबे घरी पाठवले.

डबे शुक्रवारी दुपारी उघडले. आईने पहिला डबा हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला, मग मोरेनिकेला वाचायला दिला. मोरेनिकेने वाचलं: 'इबादान येथील एका रंगकारखान्यातील माल साठवणुकीच्या विलंबाची कारणे व उपाय.' सगळ्या डब्यांवर तेच होतं. आईला ते एकंदरीत आवडलं, भारदस्त वाटलं. डोटुनच्या मात्र पायांखालची जमीन सरकली, कारण हे जर डब्यांवर आलं असेल तर डब्यांवरचं कुठे गेलं हे कळायला एम.बी.ए. लागत नव्हतं. तो धावत सॉलोमनकडे गेला. सॉलोमनने शांतपणे विचारलं, "अक्षरं सोनेरी आहेत ना? मग?" तिथून तो कचेरीत पळाला. कचेरी बंद झाली होती, आणि मिसेस ओकोन फोनवर म्हणाल्या की प्रती प्रोफेसरसाहेबांना कधीच पोचल्या आणि आपण आता केस विंचरून घेत आहोत, सोमवारी बोलू.

शनिवारी सकाळी डोटुन नवा सूट घालून, प्रार्थना करून, एकटा विद्यापीठात गेला. एकटा गेला असं त्याला वाटत होतं. आईने मात्र ठरवलं होतं की सगळ्यांनी आधी विद्यापीठात जायचं आणि तिथून त्याला वाजतगाजत हॉलवर न्यायचं. तो विभागाच्या पायऱ्या चढत असताना मागून बस आली आणि तीतून पपईच्या रंगाच्या मावश्या, आत्या, माम्या उतरू लागल्या. सर्वांत शेवटी ढोलकरी आयानलेरे काखेत आपला बोलका ढोल दाबून उतरला. अल्हाजी राइमीही होते. त्यांनी डोळा मारला. डोटुनला त्याचा अर्थ कळला नाही, आणि तेवढ्यात समोरून प्रोफेसर अदेगोके आले. वडीलधाऱ्याला लोटांगण घालायचं अंगवळणी पडलेलं. डोटुन तिथल्या तिथे आडवा झाला. फरशी नुकतीच पुसली होती. सूटचा पुढचा भाग सगळा ओला करून तो परीक्षेच्या खोलीत गेला. दार उघडणाऱ्या मिसेस ओकोन पपई रंगात होत्या, आणि बाहीला फुगा खरोखरच छान बसला होता.

प्रोफेसरांनी प्रबंध उचलला आणि मुखपृष्ठ डोटुनकडे वळवलं. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'खा, प्या, नाचा आणि परमेश्वराचे आभार माना. इया डोटुन आणि परिवाराकडून सप्रेम भेट.'

"मिस्टर अलाबी, मी बरेच प्रबंध वाचले," प्रोफेसर म्हणाले. "प्या म्हणून सांगणारा हा पहिलाच."

डोटुनने सगळं सांगितलं. प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि प्रश्न सुरू केले. पहिली उत्तरं बरी गेली. कारखान्यात माल का अडकतो, मागणी आणि पुरवठा यांत किती दिवस जातात, हे डोटुनला झोपेतही सांगता आलं असतं. तो रंगात येऊ लागला होता आणि इतक्यात बाहेर ढोल वाजला.

आयानलेरेचा ढोल वाजत नाही, बोलतो. दोऱ्या काखेत आवळल्या की आवाज चढतो, सैल सोडल्या की उतरतो, आणि तिकडच्या माणसाला शब्दन् शब्द कळतो. अल्हाजी राइमींनी प्रोफेसरांच्या घराण्याची नीट चौकशी करून ठेवली होती. ढोल सांगत होता, अदेगोके, हत्तीच्या पावलांच्या घराण्यातला, ज्याचा आजा बाजारातून चालला की भाव उतरायचे, त्याचा तू नातू. प्रोफेसर ताठ बसले. पण त्यांची मान त्यांचं ऐकेना; ती थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे होऊ लागली. टेबलावर लाल पेनाने ठेका धरला. मग ते एकदम भानावर आले.

"हे तुम्ही घडवून आणलंत?"

"नाही सर. या पूर्ण समारंभातलं मी काहीच घडवून आणलेलं नाही."

"आणि तुमचा विषय आहे साठ्यावर ताबा कसा ठेवावा. ठीक आहे. पुस्तक मिटा. आज तुमच्याकडे जेवायला किती लोक येणार आणि तांदूळ किती शिजवायला सांगितलाय, ते मला शास्त्राने सांगा."

डोटुनने समोरचं पुस्तक मिटलं. मग काय झालं ते त्याचं त्यालाही नीट सांगता येत नाही. गेले कित्येक महिने छातीत साचलेलं सगळं बाहेर आलं. तो म्हणाला की सर, जितक्यांना बोलावलं तितके येत असते तर पुस्तकातलं गणित चाललं असतं. आमच्याकडे बोलावलेला माणूस न बोलावलेले दोघे घेऊन येतो, आणि त्यांना परत पाठवता येत नाही. मागणी मोजताच येत नाही तिथे साठा हा खर्च नसतो, ती अब्रू असते. कमीत कमी साठ्याचा सिद्धान्त मी स्वतः घरी लावून पाहिला आणि पेनल्टीच्या वेळी शेजारी गमावला. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात मी तो सिद्धान्त जसाच्या तसा सुचवलाय. ते प्रकरण आता मला मान्य नाही.

 आपल्याच प्रबंधाचं चौथं प्रकरण आपणच बुडवलं हे डोटुनच्या लक्षात आलं ते बोलून झाल्यावर. प्रोफेसरांनी लाल पेनाने कागदावर काहीतरी बराच वेळ लिहिलं आणि तो पाकिटात घातला.

"निकाल परीक्षा मंडळाची बैठक झाल्यावर कळेल. तोपर्यंत कोणी काही सांगणं नियमाविरुद्ध आहे. या तुम्ही."

"बैठक कधी होते सर?"

प्रोफेसरांनी मिसेस ओकोनकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात, संप नसला तर.

बाहेर पडताच त्याच्यावर मावश्या तुटून पडल्या. काय झालं असं कोणी विचारलंच नाही. सगळ्यांच्या दृष्टीने विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. ढोल घुमायला लागला, कोणीतरी त्याचा ओला कोट उतरवून पपईचा झगा चढवला, कोणीतरी डोक्यावर वांगी टोपी बसवली, आणि तो बसमध्ये ढकलला गेला. काचेतून त्याला दिसलं की आई प्रोफेसरांसमोर गुडघे टेकून काहीतरी सांगत होती. प्रोफेसर नको नको म्हणत होते. इलोरिनचा रस्ता हॉलवरूनच जातो आणि उपाशी माणसाला मी शहरातून जाऊ देत नाही, असं तिने सांगितल्याचं नंतर कळलं. आईसमोर नियमांचा फारसा टिकाव लागत नाही.

हॉल भरला होता. डोटुनने दारातून पाहिलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत पपईचा रंग. बाजारातल्या सगळ्या बाया, कारखान्यातली माणसं, वर्गातली पोरं, व्याही, चर्चची मंडळी. आई निवडीत चुकली नव्हती; दिव्यांच्या उजेडात ते कापड असं काही खुलून दिसत होतं की मोरेनिकेच्या बहिणीसुद्धा एकमेकींचे फोटो काढत होत्या. आता रीतीप्रमाणे आई दारातून नाचत आत येणार, तिच्यामागे तिच्या मैत्रिणी, आणि सूत्रधार माईकवर सांगणार की एम.बी.ए. डोटुन अलाबी यांच्या मातोश्री येत आहेत. आई दारात उभी होती. तिने फेटा सारखा केला. पाऊल उचललं.

डोटुनला वाटलं, आता गप्प राहिलं की काम झालं. मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे, पुढचं पुढे. मग त्याला वाटलं, आई नाचून झाल्यावर निकाल उलटा लागला तर बाजारात तिला रोज बसायचंय, या सगळ्यांमध्ये. त्याने सूत्रधाराच्या हातातला माईक घेतला.

"मंडळी," तो म्हणाला. "मी अजून एम.बी.ए. झालेलो नाही. परीक्षा आज दिली. निकाल पुढच्या महिन्यात आहे. पास होईन की नाही मला माहीत नाही. आज एक प्रकरण मीच बुडवून आलोय."

बाहेरच्या जनरेटरची धडधड एकदम मोठी ऐकू येऊ लागली. कोपऱ्यातून कोणीतरी कुजबुजलं की मग आम्ही शिवलं कशाला. आईच्या समोरच्या दुकानातली इया बिसी, जिच्याशी तिची कापडावरून आयुष्यभराची चढाओढ, तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला सांगितलं, "आमच्या बिसीचा निकाल आधी लागला होता बाई. कापड मग काढलं."

आईचं उचललेलं पाऊल खाली आलं होतं. डोटुनने माईक सूत्रधाराला परत दिला. तो आईजवळ गेला.

"भीती वाटत होती तर सांगायचंस तरी आधी," ती हळूच म्हणाली.

"तू कापड आणलं होतंस आई. कसं सांगू?"

 तिने हात उचलला, त्याची टोपी तिरकी झाली होती ती सरळ केली, आणि हात तिथेच राहिला.

मागच्या टेबलावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. प्रोफेसर अदेगोके जेवत होते. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि सगळ्या हॉलमधून सावकाश चालत पुढे आले. अख्ख्या पपईच्या रंगात तो एकच राखाडी कोट होता. सूत्रधाराने घाईघाईने माईक पुढे केला. त्यांनी तो घेतला, त्याच्याकडे नापसंतीने पाहिलं आणि म्हणाले, "मंडळाची बैठक होईपर्यंत निकालाबद्दल एक अक्षरही बोलणं नियमाविरुद्ध आहे. मी आयुष्यात नियम मोडलेला नाही. आजही मोडणार नाही."

मग त्यांनी माईक परत दिला आणि आईला, रोजच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं विचारलं, "माताजी, या कापडाची एखादी टोपी उरलीय का?"

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्याच्या डोक्यावर ती टोपी तो त्या घरचा, आणि नापास केलेल्याच्या घरचा कोण होतो. हे इबादानमध्ये शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. पहिली आनंदाची आरोळी मिसेस ओकोननी ठोकली. "टोप्या सगळ्या गेल्या हो प्रोफेसर," आई म्हणाली. डोटुनने स्वतःच्या डोक्यावरची काढली, दोन्ही हातांनी पुढे केली. प्रोफेसरांनी ती घातली. त्यांना ती मोठी झाली, कानांपर्यंत आली. त्यांनी ती हाताने मागे सारली आणि उभे राहिले.

आयानलेरेने ढोल काखेत आवळला. आता तो हत्तीच्या घराण्याबद्दल काही बोलला नाही, आईचं नाव घेऊ लागला. तिचं स्वतःचं, जे बाजारात कोणाला माहीतच नव्हतं. आबेके, आबेके, तुझं कापड बघ. आई दोन पावलं मागे दारात गेली, कारण सुरुवात नीट दारातूनच व्हायला हवी होती, आणि मग नाचत आत आली. मावश्या उठल्या, बाजार उठला, खुर्च्या बाजूला झाल्या. प्रोफेसर नाचताना खांदे एवढेच हलवत होते, पण नियमात बसतील तितके हलवत होते. आई इया बिसीच्या टेबलापाशी थांबली, नाचत नाचत खाली वाकली आणि म्हणाली, "ऊठ गं. एवढं शिवलंयस ते काय बसून चुरगळायला?" इया बिसी बसली होती ती एकदम उठली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिच्याइतकं चांगलं कोणीच नाचलं नाही.

मंडळाची बैठक पुढे यथावकाश झाली. तिची वाट कोणी बघितली नाही. त्या दिवसाचे फोटो बाजारात आईच्या दुकानात लावलेले आहेत. त्यात शंभर वांगी टोप्या दिसतात, आणि मधोमध, तोंड भरून हसत, एकटा डोटुन बोडका नाचतो आहे.